बनियनात अडकलेला रोग

"गेला! गेला! तो बघा, मोरीतून गेला!"

ओरडणारा होता ठेकेदार, आणि जो गेला तो त्याचा रक्तदाब होता. जांभळ्या रंगाचा रक्तदाब. नळाखाली धरलेल्या बनियनातून तो गरम पाण्याबरोबर सुटला, स्टीलच्या सिंकमध्ये दोन गिरक्या घेऊन फरशीवरच्या पन्हाळीत उतरला, घरंगळत जाळीपाशी आला आणि गुडगुड आवाज करून दिसेनासा झाला. बंद पडलेल्या त्या लाँड्रीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांनी टाचा उंचावून त्याला निरोप दिला. एका आजीबाईंनी तर पन्हाळीजवळचा पाय पटकन मागे घेतला. उगाच कुणाचा रक्तदाब आपल्या पायाला लागायचा!

ठेकेदाराने बनियन पिळलं, झटकलं, दोन्ही हातांनी वर धरलं. पांढरं. फारच निरखून बघितलं तर किंचित गुलाबी झाक होती.

"ती आठवण आहे," पांढऱ्या खोळीच्या उंच खुर्चीवरून डागबाबा म्हणाले. "रोग गेला तरी त्याची आठवण राहते."

"अहाहा!" गर्दी म्हणाली.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चित्रकलेच्या बाई त्या गुलाबी झाकेकडे निरखून बघत होत्या. त्या आल्या होत्या भावासाठी. भाऊ, म्हणजे त्यांचा दादा, चष्म्याचं दुकान चालवायचा आणि आता रांगेत पुढचा होता. त्याने बोचकं सोडलं, बनियन नळाखाली धरलं, चोळलं, पुन्हा चोळलं. रंग हटेना. जांभळं ते जांभळंच, आणि त्यावर गाठींच्या जागी चार पांढरी वर्तुळं.

"चिवट आहे," बाबा म्हणाले. "पण घाबरू नका. पुढच्या खेपेला तांब्याच्या पिंपाकडे जायचं नाही. स्टीलच्या पिंपाकडे जा. तुमची वेळ भरली."

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर दादा त्याच्या अंगावर धावून गेला असता. आज त्याने हात जोडले.

*

चमत्काराचे नियम

चमत्कार बघायचा तर आधी नियम पाठ करावे लागतात, म्हणून ते सांगून टाकू.

रोग्याने आपलं पांढरं सुती बनियन आणायचं. ते पिंपातल्या शुद्धिजलात आपल्या हाताने बुडवायचं. मग जितकी दुखणी तितक्या ठिकाणी कापड चिमटीत धरून, दोऱ्याने करकचून गाठी मारायच्या. यानंतर सेवक एकाच माठातला जांभळा रंग सगळ्यांच्या बनियनांवर ओततो. ते बोचकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी न्यायचं, उशाशी ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत धुवायचं. रंग कापडाला धरून राहिला तर रोग अंगात आहे. वाहून गेला तर रोगही वाहून गेला, औषधं बंद.

माठ एक, रंग एक, नळ एक. बनियन तुमचं, हात तुमचे, गाठीही तुमच्याच. तरी एकाचा रंग जातो आणि दुसऱ्याचा जात नाही. मग सांगा, यात फसवायला जागा कुठे आहे?

असं बाबाच विचारायचे. दर धुण्याला. छातीवर हात ठेवून.

*

बाबा बोलतात (मध्ये कुणी बोलायचं नाही)

"रोग म्हणजे काय? डाग! शरीर म्हणजे काय? आत्म्याचं बनियन! आणि डॉक्टर म्हणजे काय? इस्त्रीवाला! वरून सपाट करून देतो, आतला डाग तसाच! जांभळाच रंग का, विचारा. नका विचारू, मीच सांगतो. इंद्रधनुष्यात जांभळा शेवटी का उभा असतो? कारण तो बाकी सगळ्यांना बघून आलेला असतो! हे परदेशातल्या एका थोर प्रयोगशाळेने मान्य केलंय. कुठल्या ते सांगता येत नाही, त्यांनी मला शपथ घातली आहे. मी कोण? मी कुणीच नाही. मी तुमच्या बनियनाला बोटसुद्धा लावत नाही!"

गर्दी बोलते (सगळे एकदम)

"किती साधा माणूस! बोटसुद्धा लावत नाही."

"माझ्या जावेचा थायरॉइड दुसऱ्या धुण्यात गेला."

"दुसऱ्याच? आमचा पाचव्याला गेला. आमच्या घरातले रोग पहिल्यापासून खानदानी."

"अहो, ढकलू नका, मला सांधेदुखी आहे!"

"मग मागे उभ्या राहा, इथे सगळे मूत्रपिंडवाले आहेत."

*

बाई आणि दादा घरी निघाले. रस्त्यात दादाच बोलत होता.

"पुढच्या वेळी सुटणार बघ, चिमे."

पन्नाशीला आलेल्या, शाळेत ज्यांच्या नजरेने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाईंना चिमी म्हणणारा जगात एवढा एकच माणूस उरला होता.

"आणि सुटला की काय करणारेस?"

"इन्सुलिन बंद."

बाई जागीच थांबल्या. दादाचा मधुमेह गोळ्या आणि पथ्यावर भागणारा नव्हता. त्याच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नसे. शाळेत असल्यापासून तो रोज सुई टोचून घेत होता, म्हणून तर होता.

"दादा, ते बंद केलंस तर तू आठवडा काढणार नाहीस. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये."

"तुला काय जातं बोलायला? सकाळी डोळे उघडले की सुई. जेवायच्या आधी सुई. लग्नाच्या दिवशी सगळे मला शोधत होते, आणि मी न्हाणीघरात शर्ट वर करून उभा! एक दिवस, फक्त एक दिवस मला साधा माणूस म्हणून उठायचंय."

"तू लोकांना चष्मे विकतोस ना?"

"मग?"

"एक स्वतःला ठेव."

दादा हसला नाही. तो रस्ता ओलांडून निघून गेला.

*

इथे गोष्ट बाबांना सोडून बाईंच्या बाल्कनीत येते

बाईंना नवाच नाद लागला होता. घरच्या घरी कापडं बांधून रंगवायची. त्या ही कला मोबाइलवर बघून शिकल्या आणि शिकल्यावर आठवडाभरातच इतरांना शिकवू लागल्या. मास्तरकीची खोड ती, जाते थोडीच? रविवारी शेजारणी जमल्या. बेकरीवालीने चादर आणली, वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी उशांचे अभ्रे आणले. बादलीत पाणी काढलं. आता त्यात सोडा विरघळवायचा, कापडं भिजवायची, मग गाठी, मग रंग, इतकं सांगून बाई पुडा घ्यायला आत वळल्या आणि फोन वाजला.

"चिमे, परवा बनियन बुडवायचं, तेरवा धुणं," दादा म्हणाला. "आणि बाबांनी सांगितलंय, धुण्याच्या दिवशी सकाळची सुईसुद्धा नको. अंग कोरं पाहिजे."

बाईंनी समजावलं, रागावल्या, मग रडल्या. फोन तिकडून बंद झाला. त्या परत बाल्कनीत आल्या आणि "हं, भिजवा" म्हणाल्या. शेजारणींनी भिजवलं, बांधलं, रंगवलं. लाल, हिरवा आणि उरलेला सगळा जांभळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्याच न्हाणीघरात धुणं निघालं.

"अगं बाई," बेकरीवाली म्हणाली. "हे काय?"

चादरीवरून रंग नुसता पळत होता. एक तांब्या ओतला, नक्षी गेली. दुसरा ओतला, उरलीसुरली पण गेली.

"बाई, तुमच्या रंगाला माझे अभ्रे आवडले नाहीत वाटतं?" वकीलबाई म्हणाल्या. "गाठी मारताना माझी दोन नखं मोडलीत. नोटीस पाठवते, थांबा."

"आमची चादर आणली तशी परत चालली. उलट स्वच्छ होऊन!" बेकरीवालीने जाळीकडे बोट दाखवलं. "तो बघा, गेला तुमचा जांभळा. मोरीतून गेला."

गुडगुड.

बाई त्या जाळीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, ओल्या पायांनी तशाच स्वयंपाकघरात गेल्या. धुण्याच्या सोड्याचा पुडा ओट्यावर होता. न फोडलेला.

*

त्या संध्याकाळी त्यांनी दादाचं एक जुनं बनियन उभं फाडलं. अर्धं सोड्याच्या पाण्यात भिजवलं, अर्धं साध्या. दोन्हींवर एकच जांभळा रंग. सकाळी धुतलं. एक अर्धं जांभळंच राहिलं. दुसरं पांढरं झालं, किंचित गुलाबी आठवणीसकट.

तशीच दोन चिरगुटं घेऊन त्या चष्म्याच्या दुकानात धडकल्या.

दादाने ती उलटसुलट करून बघितली. "हे तुझं पाणी झालं. बाबांचं पाणी वेगळं."

"वेगळं नाही. तांब्याच्या पिंपात सोडा आहे, स्टीलच्या पिंपात नळाचं पाणी आहे. ज्याचा रंग राहायला हवा त्याला इकडे पाठवतात, ज्याचा जायला हवा त्याला तिकडे."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग तू सोडा टाकलास म्हणून तेही टाकतात? उद्या शेजारच्याने चोरी केली तर तुला पकडू का?"

तर्क लंगडा होता, पण त्यात एक बरोबर गोष्ट होती: बाईंनी बघितलेलं नव्हतं.

"पैज लाव," बाई म्हणाल्या.

दादाने भुवई उचलली. लहानपणापासून तो एका गोष्टीला कधी नाही म्हणाला नव्हता, ती ही.

"मी एक लांब कापड आणते. एकाचंच. एक टोक मी तांब्याच्या पिंपात बुडवते, दुसरं तू तुझ्या स्टीलच्या पिंपात बुडव. माणूस एक, रोग एक. दोन्ही टोकं सारखी निघाली तर मी बाबांच्या पायावर डोकं ठेवीन आणि तुझ्या सुया माझ्या हाताने कचऱ्यात टाकीन."

"आणि वेगळी निघाली तर?"

"तर तिथेच, सगळ्यांसमोर टोचून घ्यायचंस."

दादाने काउंटरवरचं कापड उचलून एक भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. "लागली. कापड कुणाचं?"

"धुतल्यावर सांगते."

*

कापड बुडवण्याचा दिवस

"नवीन नोंद?" बाबांनी विचारलं. "रोगी कोण?"

"स्वतः येऊ शकल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "जागच्या हलत नाहीत. त्यांचं कापड आणलंय."

"वय?"

"बरंच. चार पाय असून चालत नाहीत, अशी अवस्था."

बाबा हसले. "दोन पायांचे चार वाटतात, वातात असं होतं. बोलतात?"

"नुसत्या कुरकुरतात. त्याही कुणी अंगावर आलं की."

"सुनेशी पटत नाही," बाबांनी डोळे मिटून निदान केलं. "पाठीचा कणा ताठ?"

"अगदी सरळ, बाबा. कसं ओळखलंत?"

"दिसतं मला. तांब्याच्या पिंपाकडे."

शेजारच्या स्टीलच्या पिंपापाशी दादा आपलं बनियन बुडवत होता. बाईंनी कापडाचं दुसरं टोक त्याच्याकडे सरकवलं. सेवक धावला. "अहो, हे काय चाललंय?"

"बाबा बोटसुद्धा लावत नाहीत," बाई मोठ्याने म्हणाल्या. "मग तुम्ही कसे लावता?"

गर्दीने सेवकाकडे असं बघितलं की त्याने हात मागे घेतला. दादाने ते टोक बुडवलं, स्वतः गाठी मारल्या. दोन टोकांची दोन बोचकी झाली, मधलं कापड कोरडं. दोन्हींवर त्याच माठातला रंग पडला. दोन्ही बोचकी दादाच्या घरी राहिली, म्हणजे कुणी कुणावर शंका घ्यायला नको.

*

धुणं

दादाने सकाळची सुई घेतली नव्हती. लाँड्रीत येईपर्यंत त्याची पाण्याची बाटली संपली होती. त्याने दुसरी मागितली, तीही संपवली. ओठ कोरडे पडले होते. तो हसत होता.

आधी त्याचं बनियन.

नळ सोडला आणि रंग सुटला. सुटला म्हणजे कसा, कुणी हाकलल्यासारखा. पन्हाळीतून जांभळा लोट गेला. "गेला! गेला!" दादाने बनियन वर धरलं. पांढरं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि अनोळखी माणसं त्याच्या पाठीवर थापा मारू लागली.

बाईंना त्या क्षणी गप्प बसावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग त्यांनी त्याला तिसरी बाटली तोंडाला लावताना बघितलं, आणि दोन्ही बोचकी सोडली.

एक टोक नळाखाली धरलं. पांढरं झालं.

दुसरं धरलं. जांभळंच.

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे गर्दीला कळेना. दादाच्या हातातली बाटली खाली आली.

बाबा मात्र तरबेज होते. "अर्धांग!" ते गरजले. "वरचं अंग शुद्ध, खालचं बाधित. लोभ गुडघ्यात उतरलाय!"

"त्यांना गुडघे नाहीत, बाबा."

"म्हणजे?"

"खुर्ची आहे. ही खुर्चीची खोळ आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मूत्रपिंडवाले सगळेच हसले. बाबांचा चेहरा लाल झाला, आणि तो रंग कुठल्याही पाण्याने निघाला नसता.

"मूर्ख बाई! खुर्चीला रोग नसतो! खुर्चीवर जो बसतो त्याचा रोग तिच्यात उतरतो!"

"बसणाऱ्याचाच?"

"निःसंशय!"

"दुसऱ्या कुणाचा नाही?"

"त्रिकालात नाही!"

"मग जरा उठता का?"

बाबा का उठले, ते त्यांनाही कळलं नसावं. मास्तरीणबाईंचा आवाज होता, अंग आपोआप उठतं. बाईंनी ती ओली खोळ उंच खुर्चीवर चढवली. पाठीला बरोबर बसली. हातांच्या जागी भोकं, तीही बरोबर. मागच्या बाजूला शिवलेल्या नाड्या खुर्चीच्या दांड्यांना जशा रोज बांधतात तशा बांधता आल्या.

"लाँड्रीच्या मागच्या दोरीवर वाळत होती," बाई म्हणाल्या. "न विचारता नेली, चुकलं. आज परत करते. बाबा, तुमची तब्येत अर्धीच बरी आहे. सांभाळा."

*

गुपित, जेवढं आहे तेवढं

फार मोठं गुपित नव्हतंच. बाईंनी ते सिंकच्या कडेला उभं राहून सांगितलं.

"हा पुडीत मिळणारा सुती कापडाचा रंग आहे. तो धाग्याला कायमचा चिकटतो तो धुण्याच्या सोड्यामुळे. सोडा नसला तर रंग नुसता पाहुणा. वर बसतो, गरम पाणी पडलं की निघतो. गाठीखाली रंग पोचतच नाही, म्हणून तिथे पांढरी वर्तुळं. तुम्ही सगळे माठाकडे बघत होतात. गंमत पिंपात होती. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बोट घाला. स्टीलच्या पिंपात घाला, मग तांब्याच्या, आणि चिमटीत चोळून बघा."

पहिलं बोट आजीबाईंनी घातलं. चोळलं. "अगं बाई, हे साबणासारखं बुळबुळीत आहे!" मग बोटांची रांग लागली.

"ओता ते पाणी! ओता!" बाबा ओरडले. सेवकांनी तांब्याचं पिंप कलंडवलं, आणि त्या बुळबुळीत शुद्धिजलावरून तेच दोघे घसरून पन्हाळीत बसले. सिद्ध करायचं काही राहिलं असेल तर ते तेवढ्यात झालं. सेवकांना उचलायला सगळे वाकले तेव्हा मागचं दार वाजलं. सरळ होऊन बघतात तर बाबा नाहीत.

"म्हणजे माझे गुडघे?" आजीबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडेच आहेत, आजी."

ठेकेदार आज बरं झाल्याबद्दल बिस्किटांचे पुडे वाटायला आला होता. "आणि माझा रक्तदाब?"

"मोरीतून रंग गेला. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

ठेकेदाराने बोटांवर दिवस मोजले. तो बाबांच्या खुर्चीत मटकन बसला.

सगळ्यांनी बाईंना शाबासकी दिली असं समजू नका. कडेवर मूल घेतलेली एक बाई पुढे आली. "तुम्हाला काय मिळालं?" ती म्हणाली. "आमच्याजवळ एवढंच होतं." बाईंनी मुलाला काय होतं ते विचारलं. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणाली, "श्वास लागतो." बाई म्हणाल्या, "मी दादाला डॉक्टरकडे नेतेय. तूही चल." ती लगेच हो म्हणाली नाही, पण गेलीही नाही.

दादा सिंकच्या कडेला बसून होता. मांडीवर पांढरं बनियन.

"खरंच गेला असता तर काय मजा आली असती, नाही चिमे?"

"हो रे."

"एक दिवससुद्धा नाही?"

"एक दिवससुद्धा नाही."

बाईंनी पिशवीतून त्याची इन्सुलिनची पेटी काढली. दादाने हात धुतले, बोटाला टोचून साखर बघितली आणि आकडा बघून स्वतःच शीळ घातली. मग शर्ट वर केला. न्हाणीघरात लपून नव्हे. उजेडात, भरल्या लाँड्रीत. त्याने सुई टोचली तेव्हा कुणी तोंड फिरवलं नाही.

"दुखतं का हो?" कुणीतरी विचारलं.

"रोज," दादा म्हणाला. "म्हणून तर इथे आलो होतो."

तेव्हा आता सरळ बोलू. कापडं खुशाल रंगवा, नाद चांगला आहे. फक्त सोडा विसरू नका. पण तुमच्या रक्तात काय चाललंय हे कापडाला कळत नाही, ते रक्त तपासूनच कळतं. सगळं तुमच्याच हातांनी होतंय असं कुणी सांगितलं, तर हातांखेरीज बाकी काय काय त्याचं आहे ते मोजा. तेच पुन्हा करून दाखवा म्हणा. माणसाऐवजी खुर्चीवर करून बघा. खरं असेल ते या सगळ्यातून पार पडेल, त्याला राग यायचा नाही. आणि तपास पुरा होईपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून चालू औषध सोडू नका. सुईचा कंटाळा येतो, गोळीचा येतो, तो खरा आहे. त्या कंटाळ्यावरच तर यांची दुकानं चालतात.

ठेकेदाराने पाकीट उघडलं. सवयीने ठेवलेली गोळीची पट्टी अजून त्यात होती. त्याने एक गोळी काढली, इकडेतिकडे बघितलं.

"पाणी आहे का कुणाकडे?"

दादाने आपली बाटली पुढे केली. ठेकेदाराने ती घेतली, तोंडाजवळ नेली आणि थांबला. चार थेंब तळहातावर ओतून त्याने ते बोटांनी चोळून बघितले.

"साधंच आहे ना?" त्याने विचारलं, आणि मग गोळी घेतली.